जाळीचा हिशेब: महाराष्ट्रातील अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

कल्याणहून येणारा रस्ता, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना महामार्ग आणि डोंगर ओलांडून महाप्याकडे उतरणारा रस्ता ज्या शीळफाट्याच्या परिसरात एकमेकांना मिळतात, तेथील अर्थव्यवस्था दीर्घकाळ ओझी उचलणाऱ्या माणसांच्या अंगमेहनतीवर चालत आली आहे. दगडखाणी, वखारी, गोदामे आणि अलीकडची गगनचुंबी बांधकामे यांवर राबणाऱ्या पुरुषांमध्ये जांघेत अचानक दिसू लागलेली, उभे राहिल्यावर वा खोकल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर पोटात परतणारी गाठ ही फार ओळखीची गोष्ट आहे. मराठीत तिला अंतर्गळ म्हणतात, बोलीत ‘आतडे उतरले’ असे म्हणतात आणि दवाखान्यात हर्निया या एकाच शब्दाने तिचा उल्लेख होतो. तिच्यावरील उपाय म्हणून आज बहुतेक ठिकाणी ‘जाळी बसवली’ जाते, आणि ही जाळी शरीरात कायम राहणार, ती दुखेल का, सरकेल का, पुढे कधी काढावी लागेल का, अशा प्रश्नांनी रुग्ण व त्याचे कुटुंबीय अस्वस्थ होतात. हे प्रश्न अज्ञानातून येतात असे मानण्याची सवय वैद्यकीय व्यवसायात आढळते. परंतु या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला, तर रुग्णांच्या शंकांना त्या इतिहासातच आधार सापडतो. शिवाय जाळीविषयीच्या दोन सर्वांत मूलभूत प्रश्नांची, म्हणजे ती इतकी महाग का असावी आणि ती मुळात हवीच का, या प्रश्नांची जगाने दखल घ्यावी अशी उत्तरे दोंडाईचा आणि पुणे या महाराष्ट्रातल्याच दोन गावांतून पुढे आली.

पोटाची पुढची भिंत स्नायूंच्या आणि कंडरापटांच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, चपट्या पडद्यांच्या थरांनी बनलेली असते. पुरुषगर्भात वृषण पोटाच्या आत तयार होतात आणि जन्मापूर्वी जांघेतून खाली उतरतात; त्यांनी केलेली वाट, जिला वंक्षण-नलिका असे नाव आहे, ती नंतर पूर्णपणे बुजत नाही, कारण वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व शुक्रवाहिनी तिच्यातूनच जातात. भिंतीतली ही जन्मजात उणीव, वाढत्या वयानुसार ऊतींचा कमी होणारा चिवटपणा, जुनाट खोकला, लघवीला किंवा शौचाला लागणारा जोर आणि आनुवंशिकता या सर्वांच्या एकत्रित परिणामाने पोटातले आवरण, आणि त्यामागून आतडे, त्या वाटेने बाहेर डोकावू लागते. वजन उचलल्याने गाठ प्रथम नजरेस येते हे खरे असले, तरी केवळ ओझ्यानेच अंतर्गळ होतो असे म्हणता येत नाही. बैठे काम करणाऱ्यांनाही तो होतो, आणि पुरुषांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला आयुष्यात केव्हा तरी तो होण्याचा संभव असतो. खरा धोका गाठीचा नसून ती अडकण्याचा आहे: अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत ते सडू लागते आणि रुग्णाच्या जिवावर बेतते.

हा धोका भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत वृद्धी या सदराखाली सात प्रकारच्या सुजा वर्णिल्या असून त्यांपैकी अंत्रवृद्धी ही आतड्याच्या उतरण्याने होणारी सूज आहे. आतडे अंडकोशापर्यंत पोहोचले असेल, तर वैद्याने तो रुग्ण हाती घेऊ नये, आणि ते जांघेपर्यंतच आले असेल, तर अर्धचंद्राकृती टोकाच्या शलाकेने त्या जागी डाग द्यावा, असा विवेक त्या ग्रंथात केलेला आहे. डाग दिल्याने कातडीखाली होणारा कठीण व्रण ती वाट अरुंद करील, अशी त्यामागची कल्पना असावी. आणि शरीराला मुद्दाम व्रण करायला लावून भिंत बळकट करण्याचे हेच तत्त्व विसाव्या शतकातल्या प्लॅस्टिकच्या जाळीमागेही आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सुश्रुताचा सावधपणा मात्र अनेक शतके सर्वत्र टिकून राहिला, कारण भूल आणि निर्जंतुकीकरण यांच्याशिवाय पोटाच्या भिंतीवर शस्त्र चालवणे म्हणजे रुग्ण गमावण्याची तयारी ठेवणे होते. अशा काळात पट्टा बांधणे, जड काम सोडणे आणि गाठ हाताने आत सारत राहणे एवढाच मार्ग सामान्य माणसापुढे होता.

ठाणे आणि कल्याण परिसरातल्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा मार्ग शब्दशः रुळांवरून आला. मुंबईत भायखळ्याजवळ सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आगगाडी धावू लागली, तेव्हा या भागातल्या आजारी माणसाला जे. जे. रुग्णालय एका दिवसाच्या टप्प्यात आले. पुढे १९२० च्या दशकात परळला के. ई. एम. आणि स्वातंत्र्याच्या सुमारास शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय उभे राहिले, तीही याच मार्गावर. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना यांच्या नावाने ओळखले जाणारे सिव्हिल रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही सार्वजनिक साखळी नंतर तयार झाली. कळव्याच्या रुग्णालयाला १९९२ पासून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. शीळ-डायघरच्या माणसाने दिव्याला किंवा मुंब्र्याला गाडी धरून कळव्याला, शीवला किंवा भायखळ्याला उतरणे ही अनेक पिढ्यांची वहिवाट राहिली आहे, आणि या भागातल्या अंतर्गळाच्या इतिहासाचा मोठा भाग त्या वहिवाटेवर, तिला लागणाऱ्या खर्चावर आणि बुडणाऱ्या रोजावर घडला आहे.

आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया इटलीतील पादुआचे शल्यविशारद एदोआर्दो बासिनी यांनी १८८४ पासून घातला. गाठीची पिशवी बांधून टाकण्यावर न थांबता त्यांनी नलिकेची मागची भिंत नव्याने रचली. वरच्या बाजूचे स्नायू खाली ओढून जांघेतल्या अस्थिबंधाला रेशमी टाक्यांनी शिवले. त्यांच्या स्वतःच्या २६२ शस्त्रक्रियांत अंतर्गळ परत उद्भवण्याचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते आणि त्या काळी ते थक्क करणारे होते, कारण तोवर निम्म्याच्या जवळपास रुग्णांची गाठ काही वर्षांत परत येई. परंतु तीच पद्धत अन्य शल्यविशारदांच्या हाती गेल्यावर शंभरात दहा-पंधरा गाठी परतू लागल्या. जे स्नायू निसर्गतः एकमेकांपासून दूर आहेत, त्यांना ओढून शिवले की टाक्यांवर ताण येतो, ताणाने ऊती फाटतात आणि फटीतून आतडे पुन्हा वाट काढते. टोरोंटो येथे १९४५ साली स्थापन झालेल्या शोल्डाइस रुग्णालयाने भिंतीचे थर एकावर एक दुमडून शिवण्याची अत्यंत बारकाईची पद्धत रूढ केली आणि उत्तम यश मिळवले; मात्र हे यश केवळ अंतर्गळाच्याच आणि वर्षाला शेकडो शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांचे होते आणि ते सर्वसामान्य रुग्णालयात सहजासहजी उतरवता आले नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, रुग्णाच्या स्वतःच्या ऊतीच दुबळ्या असतील, तर बाहेरून काही घालून भिंत भरून काढता येईल का. विसाव्या शतकाच्या आरंभी चांदीच्या तारांची आणि १९४० च्या दशकात टँटलम या धातूची जाळी वापरली गेली, पण धातू वाकून वाकून तुटत असे आणि त्याचे तुकडे रुग्णाला टोचत असत. १९५० च्या दशकात कार्ल झीगलर आणि जूलिओ नाट्टा यांच्या रसायनशास्त्रीय शोधांमुळे उच्च घनतेचे पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही नवी प्लॅस्टिके मोठ्या प्रमाणावर बनू लागली. त्या दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्यूस्टनचे फ्रान्सिस अशर यांनी १९५८ साली पॉलिथिलीनची आणि नंतर पॉलिप्रॉपिलीनची विणलेली जाळी अंतर्गळासाठी वापरली. लॉस एंजेलिसचे आयर्व्हिंग लिक्टेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली सलग एक हजार रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात स्नायू ओढून न शिवता फटीवर सैलसर जाळी ठेवून ती कडेने टाचली होती आणि एकाही रुग्णाची गाठ परतली नव्हती. स्थानिक भूल, त्याच दिवशी घरी जाणे आणि लवकर कामावर रुजू होणे या गोष्टी या ‘ताणविरहित’ पद्धतीने शक्य केल्या. हमालीवर पोट असलेल्या माणसाला, ज्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला होता, बिछान्यातले आठवडे वाचणे हा शस्त्रक्रियेच्या यशाइतकाच महत्त्वाचा लाभ होता.

असे असूनही हा लाभ ज्याला सर्वाधिक हवा होता, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नव्हता. १९९० च्या दशकात भारतात मिळणारी जाळी बहुतांशी आयात केलेली असे आणि हाताच्या तळव्याएवढ्या तुकड्याची किंमत शेतमजुराच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीएवढी होई. त्यामुळे ग्रामीण शल्यविशारदापुढे दोनच पर्याय उरत: जाळीविना जुन्या पद्धतीने शिवणे आणि दहात एक गाठ परत येण्याची शक्यता पत्करणे, किंवा रुग्णाला कर्ज काढायला लावणे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे, मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव. तेथे रुग्णालय चालवणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी या कोंडीतून तिसरा मार्ग काढला. जाळी ज्या प्रकारच्या प्लॅस्टिकपासून बनते, त्याच कुळातल्या धाग्याची मच्छरदाणी बाजारात वारावर विकली जाते, तिची वीण जवळपास तशीच असते आणि वाफेच्या दाबयंत्रात ती निर्जंतुक करता येते, हे पाहून त्यांनी व ग्रामीण भागात काम करणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कापड अंतर्गळासाठी वापरण्यास आरंभ केला. एका मच्छरदाणीतून असंख्य तुकडे निघत आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च नगण्य असे. निरनिराळ्या केंद्रांवर केलेल्या साडेतीनशेहून अधिक दुरुस्त्यांचा त्यांचा अहवाल २००३ साली इंडियन जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाकडे केवळ गरिबीवरचा जुगाड म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. त्यामागे पदार्थविज्ञानाचा स्पष्ट विचार होता आणि रुग्णांचा पाठपुरावा करून तो शास्त्रीय नियतकालिकापुढे ठेवण्याचे धैर्यही होते. शिवाय ग्रामीण शल्यविशारदांची जी संघटना या सुमारास भारतात आकाराला आली, तिच्या भूमिकेचाच तो भाग होता, कारण खेड्यातल्या रुग्णाला शहरी दर्जाचा उपचार मिळावा, पण त्यासाठी शहरी किंमत मोजावी लागू नये, असा तिचा आग्रह होता. पुढे २००५ साली स्थापन झालेल्या ऑपरेशन हर्निया या ब्रिटिश सेवाभावी संस्थेच्या शल्यविशारदांनी आफ्रिकेतील मोहिमांत मच्छरदाणीचे कापड वापरले. अँड्र्यू किंग्सनॉर्थ, ब्रायन स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत या कापडाची व्यापारी जाळ्यांशी तुलना केली, तेव्हा त्याचे वजन व छिद्रांचा आकार महागड्या ‘हलक्या’ जाळ्यांच्या जवळपास भरला. सर्वांत निर्णायक कसोटी युगांडाच्या पूर्व भागात झाली. तेथे ३०२ पुरुषांना चिठ्ठ्यांसारख्या यादृच्छिक वाटपाने दोन गटांत विभागून एका गटाला व्यापारी आणि दुसऱ्याला मच्छरदाणीची जाळी बसवण्यात आली. कापड तमिळनाडूतील करूर येथून आणलेले होते. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एका वर्षानंतर मच्छरदाणीच्या गटात एका रुग्णाची गाठ परतली होती, व्यापारी गटात एकाचीही नाही, आणि गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, शंभरात तीसच्या आसपास होते. एका जाळीची किंमत एका डॉलरच्या आसपास, दुसरीची शंभराहून अधिक डॉलर होती.

याविरुद्ध घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे आणि त्याची बूज राखली पाहिजे. डास रोखण्यासाठी विणलेल्या कापडावर रंग, कीटकनाशक किंवा कारखान्यातली रसायने असू शकतात, एका गठ्ठ्यातला धागा दुसऱ्यासारखाच असेल याची हमी नसते आणि परवान्याखेरीज बनलेली वस्तू शरीरात कायमची ठेवताना रुग्णाला ते स्पष्ट सांगून त्याची संमती घेणे आवश्यक ठरते. तापमानाचा प्रश्नही नाजूक आहे, कारण निर्जंतुकीकरणाच्या नेहमीच्या दोन टप्प्यांपैकी १२१ अंश सेल्सिअसला टिकणारे पॉलिथिलीन १३४ अंशांना वितळते. तरीही ज्या गोष्टीने हा प्रयोग ऐतिहासिक ठरवला, ती या आक्षेपांनी पुसली जात नाही: महाग जाळीच्या किमतीपैकी कापडाचा वाटा किती अल्प असतो, हे दोंडाईच्याने प्रथम उघडपणे दाखवून दिले. केंद्र शासनाने २०१७ साली हृदयातील स्टेंट आणि कृत्रिम गुडघा यांच्या किमतींवर मर्यादा घातली, पण अंतर्गळाच्या जाळीला तशी कमाल किंमत लागू झाली नाही. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आल्याने छापील किमतीत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही, एवढाच दिलासा आहे. भारतीय बनावटीच्या जाळ्या आता सर्वत्र मिळतात आणि त्या पूर्वीच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहेत. मच्छरदाणीची गरज ठाणे जिल्ह्यातल्या रुग्णालयांत म्हणूनच भासत नाही.

किमतीचा प्रश्न सुटत असतानाच वेदनेचा प्रश्न पुढे आला, आणि येथे वैद्यकीय व्यवसायाच्या हिशेबातली एक मोठी त्रुटी उघड झाली. बासिनीपासून लिक्टेनस्टाइनपर्यंत शंभर वर्षे या शस्त्रक्रियेचे यश एकाच मापाने मोजले गेले, ते म्हणजे गाठ परत आली की नाही. गाठ परतली नाही, पण रुग्णाला मांडी घालून बसता येत नाही, सायकल चालवता येत नाही किंवा संभोगाच्या वेळी कळ येते, अशा माणसाची नोंद यशस्वी म्हणून होत राहिली. स्वीडनने १९९२ साली आणि डेन्मार्कने १९९८ साली राष्ट्रीय नोंदवह्या सुरू केल्यानंतरच हा प्रश्न मोठ्या संख्येने रुग्णांना विचारला गेला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील पाहणीत शस्त्रक्रियेला एक वर्ष झालेल्या रुग्णांपैकी २८.७ टक्क्यांनी जांघेत काही ना काही दुखत असल्याचे आणि ११ टक्क्यांनी त्यामुळे कामात किंवा फुरसतीच्या व्यवहारात अडथळा येत असल्याचे सांगितले. या वेदनेचे कारण केवळ जाळी नव्हते. जांघेतून जाणाऱ्या तीन बारीक मज्जातंतूंपैकी एखादा टाक्यात सापडणे, तो कापला जाणे किंवा व्रणात गुरफटणे हे जाळीविना केलेल्या शस्त्रक्रियेतही घडते. पण जाळी असली की तिच्या भोवती व्रणऊती वाढते, जाळी काही प्रमाणात आक्रसते आणि मज्जातंतू त्यात गवसला, तर त्याला सोडवणे अवघड होते. छिद्रांमधून शरीराच्या ऊती आरपार वाढलेल्या असल्याने जाळी काढणे ही मूळ शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी कठीण बाब ठरते. ‘एकदा घातली की कायमची’ हे रुग्णाच्या तोंडी असलेले वाक्य म्हणूनच अतिशयोक्त नाही.

परदेशातल्या खटल्यांनी या भीतीला आणखी धार आली. अमेरिकेत २००५ साली एका विशिष्ट रचनेच्या जाळीतील प्लॅस्टिकचे कडे तुटू लागल्याने ती बाजारातून परत घेतली गेली. २०१६ साली पोटाच्या अंतर्गळासाठीची आणखी एक जाळी, दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर गाठ परतण्याचे प्रमाण वाढल्याने, कंपनीने विक्रीतून काढली. त्याच दरम्यान स्त्रियांच्या ओटीपोटातील अवयव उतरण्यावर योनिमार्गे बसवल्या जाणाऱ्या जाळीने हजारो स्त्रियांना अपंगत्व आणले, ब्रिटनने २०१८ साली तिचा वापर थांबवला आणि अमेरिकेने २०१९ साली तिची विक्री बंद केली. या दोन प्रकारच्या जाळ्यांत कच्चा माल एकच असला, तरी शरीरातली जागा, भोवतीच्या ऊती आणि धोके भिन्न आहेत, ही गोष्ट बातम्यांतून इकडे पोहोचता पोहोचता गळून गेली. महाराष्ट्रातल्या वाचकाला प्रत्यारोपणांविषयी संशय वाटण्यास घरचे कारणही होते: ए. एस. आर. या सदोष कृत्रिम खुब्याचे प्रकरण भारतात उघडकीस आणण्यात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढाकार घेतला होता आणि २०११ साली त्याबाबत मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली होती.

जाळीच नको, ही भूमिका मात्र मुकदम्यांच्या आधीपासून पुण्यात मांडली जात होती. पुण्याचे शल्यविशारद डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली ४०० रुग्णांवरील एका नव्या पद्धतीचा अहवाल युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि २००६ साली ८६० रुग्णांची माहिती दिली. वंक्षण-नलिकेच्या पुढच्या बाजूला बाह्य तिरक्या स्नायूचा रुंद कंडरापट असतो. त्याची एक-दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी दोन्ही टोकांनी मूळ पटाला जोडलेली ठेवून ती मागच्या भिंतीकडे घेतात, तिची एक कड खालच्या अस्थिबंधाला आणि दुसरी वरच्या स्नायूच्या कमानीला शिवतात. पट्टीचा रक्तपुरवठा आणि स्नायूशी असलेले नाते शाबूत असल्याने रुग्ण खोकला किंवा त्याने वजन उचलले की स्नायू आकुंचन पावून तीच पट्टी ताणली जाते आणि भिंत ऐन गरजेच्या क्षणी घट्ट होते. देसरडा यांच्या मते अंतर्गळ हा हालचाल हरवलेल्या भिंतीचा विकार आहे, आणि निर्जीव जाळी भोक बुजवते, पण हालचाल परत देत नाही. या पद्धतीला लागते ते फक्त टाक्यांचे साहित्य, आणि तिला महाग यंत्रांची गरज नसते. त्यामुळे दोंडाईच्याच्या प्रश्नाचेही ती परस्पर उत्तर देते.

प्रवर्तकाने स्वतः दिलेल्या आकड्यांवर कोणतीही पद्धत स्वीकारली जात नाही आणि जाऊही नये. म्हणून पोलंडमधील तोरून येथील शल्यविशारदांनी केलेल्या तुलनेला महत्त्व आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २०८ पुरुषांना यादृच्छिक वाटपाने देसरडा किंवा लिक्टेनस्टाइन पद्धती देण्यात आली आणि तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत प्रत्येकी दोन, म्हणजे १.९ टक्के रुग्णांची गाठ परतली. दीर्घकालीन वेदनेतही लक्षणीय फरक आढळला नाही. या निकालाचा अर्थ दोन्हीकडे जातो: जाळीशिवायची ही पद्धत जाळीच्या तोडीस तोड उभी राहू शकते, आणि जाळी टाळली म्हणजे वेदना टळलीच असे समजण्याला आधार नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी जांघेतल्या अंतर्गळासाठी जाळीचीच शिफारस केली, जाळी नको असेल तर शोल्डाइस पद्धतीला पसंती दिली आणि देसरडा पद्धतीबाबत आणखी पुराव्याची अपेक्षा व्यक्त केली. कमी साधनांच्या प्रदेशांविषयी लिहिताना त्यांनी स्वस्त जाळीच्या पुराव्याची दखल घेतली. कंडरापट पातळ किंवा विरळ झालेला असेल, तर पट्टी काढणे योग्य ठरत नाही, ही या पद्धतीची मर्यादा मान्य केली पाहिजे. पण पुण्यात जन्मलेल्या आणि परदेशात तपासल्या गेलेल्या या पद्धतीचे प्रशिक्षण तिच्या मायभूमीतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नियमाने दिले जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

दुर्बिणीद्वारे करण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात १९७० च्या दशकापासून पोटाची दुर्बीण निदानासाठी वापरली आणि १९९० साली त्याच रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढून विकसनशील देशांत या तंत्राचा आरंभ केला. पुढच्या दशकात तेच तंत्र अंतर्गळासाठी मुंबईतून ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या खाजगी रुग्णालयांत पसरले. छेद लहान असल्याने पहिल्या आठवड्यांतली वेदना कमी असते आणि माणूस लवकर कामाला लागतो, दोन्ही बाजूंचा अंतर्गळ एकाच वेळी दुरुस्त करता येतो आणि आधीच्या उघड्या शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या गाठीसाठी ही वाट विशेष उपयोगी पडते. पण ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ अशी तिची जाहिरात झाल्याने पुष्कळ रुग्णांचा असा समज झाला की, त्यात जाळीही नसते. वस्तुतः दुर्बिणीच्या पद्धतीत जाळी अपरिहार्यच असते, आणि ती पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठ्या आकाराची ठेवली जाते. शिवाय सहसा पूर्ण भूल द्यावी लागते. जाळीची धास्ती वाटून दुर्बिणीकडे वळणाऱ्या रुग्णाला हे आधी सांगितले गेले पाहिजे.

रुग्णांच्या मनातील इतर शंकांपैकी काहींची उत्तरे सोपी आहेत. पॉलिप्रॉपिलीन गंजत नाही, ते धातू नसल्याने एम. आर. आय. तपासणीला अडथळा होत नाही, आणि माणसात त्यामुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. जाळीचा लाभ किती, हेही आता मोजले गेले आहे: २०१८ सालच्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार सुमारे ४६ रुग्णांना जाळी बसवली की जाळीविना शिवण्याच्या तुलनेत एक गाठ परतणे टळते. हा आकडा जाळीच्या बाजूने आहेच, पण रुग्णाला तो समजावून सांगितला, तर उरलेल्या ४५ जणांच्या बाबतीत फरक पडला नसता हेही त्याला कळते आणि तो आपल्या कामाचा, वयाचा व भीतीचा विचार करून निर्णय घेऊ शकतो. तिसरा पर्याय वाट पाहण्याचा आहे. ज्यांना फारसा त्रास नाही, अशा ७२० पुरुषांच्या २००६ सालच्या अमेरिकी अभ्यासात वाट पाहणाऱ्यांपैकी आतडे अडकण्याचे प्रमाण दर वर्षी हजारात दोनहून कमी निघाले. पुढील दहा वर्षांत मात्र त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी, मुख्यतः वेदना वाढल्याने, शस्त्रक्रिया करून घेतली. ओझे उचलणाऱ्या माणसाला ही सवड बहुधा मिळत नाही, आणि स्त्रियांच्या मांडीच्या मुळाशी होणाऱ्या अंतर्गळात ती देऊही नये, कारण तो अडकण्याचा धोका फार मोठा असतो.

भारतात अंतर्गळाच्या शस्त्रक्रियांची सक्तीची राष्ट्रीय नोंदवही नाही. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत जुलै २०१५ मध्ये सुरू झालेला उपकरण-दक्षता कार्यक्रम जाळीसह सर्व उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेतो, त्यात डॉक्टरांप्रमाणे रुग्णही तक्रार पाठवू शकतात, आणि २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांनी जाळीचे उत्पादन व आयात परवान्याच्या कक्षेत आणली. पण तक्रार करायची, तर आपल्या शरीरात कोणती जाळी आहे हे आधी माहीत हवे. जाळीच्या प्रत्येक पाकिटात तिचे नाव, आकार आणि उत्पादनसंचाचा क्रमांक छापलेल्या चिकटपट्ट्या असतात. त्यांपैकी एक रुग्णालयाच्या केसपेपरवर लागते. दुसरी रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घेता येते, आणि नाका बदलत, साइट बदलत, आज शीळला तर उद्या तळोज्याला राहणाऱ्या कामगाराच्या हाती दहा वर्षांनंतरही टिकेल अशी ती एकच नोंद असते.